मामा, मीडियम फॉरमॅट घेऊ का?

मागच्या महिन्यात रात्री साडेनऊला ताईचा फोन आला. इकडचं तिकडचं काही नाही, एकदम प्रश्नच. "अरे, ते मीडियम फॉरमॅट म्हणजे काय असतं? मीडियम आहे तर मग एवढं महाग कसं?" प्रश्न एकदम बरोबर होता! मी हसलो. पण पुढचं वाक्य ऐकून हसू थांबलं. भाच्याला तो कॅमेरा घ्यायचा होता, नुसती बॉडीच चार-पाच लाखांच्या घरात, आणि ताई-दाजी त्यासाठी एफडी मोडायला निघाले होते. "तू त्यातला आहेस, तूच काय ते सांग त्याला," म्हणून तिने फोन ठेवला.

आता 'त्यातला' म्हणजे काय, तर मी हौशी फोटो काढणारा. हा ब्लॉग नातेवाईकही वाचतात, त्यामुळे भाच्याचं नाव लिहीत नाही, पण ज्यांना कळायचं त्यांना कळलंच असेल. पोरगा लग्नाचे फोटो काढतो, चांगले काढतो. त्याच्या मनात वेरूळ-अजिंठ्यावर एक मोठं पुस्तक करायचं आहे. औरंगाबादेत (आता छत्रपती संभाजीनगर, पण ताईच्या तोंडी अजून जुनंच नाव येतं) कॅमेरा हाती धरणाऱ्या प्रत्येकाच्या मनात हे पुस्तक कधी ना कधी असतंच. माझ्याही होतं. 'मोठ्या पुस्तकाला मोठा कॅमेरा लागतो' असं त्याने कुठल्यातरी व्हिडिओत ऐकलं होतं.

मी त्याला म्हटलं, विकत नंतर घे, आधी दोन दिवस भाड्याने आण. त्याने पुण्याहून फुजीफिल्मचा 102 मेगापिक्सेलचा जीएफएक्स आणि 32-64चा एफ/4 झूम आणला. माझ्याकडे माझा नेहमीचा एपीएस-सी मिररलेस, त्यावर 35 मिमी एफ/1.4, आणि खिशात अण्णांच्या झेनिटची जुनी लेन्स. आधी अजिंठा, दुसऱ्या दिवशी वेरूळ असं ठरलं. (सोमवारी अजिंठा बंद आणि मंगळवारी वेरूळ, हे आपल्या लोकांनाही दर वेळी सांगावं लागतं!)

ज्यांना हे सगळं नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जुन्या एसएलआरमध्ये लेन्समागे एक तिरका आरसा असायचा. तो चित्र वर व्ह्यूफाइंडरमध्ये पाठवायचा आणि बटण दाबलं की खाड्कन वर उचलला जायचा. 2008 साली पॅनासोनिकने जी1 काढला, त्यात हा आरसाच नव्हता. सेन्सरवर पडणारं चित्र सरळ छोट्या पडद्यावर दिसतं. 2013 मध्ये सोनीने फुल-फ्रेममध्ये तेच केलं, 2018 मध्ये कॅनन आणि निकॉनही त्या वाटेने आले. हॅसलब्लाडने 2016 मध्ये आणि फुजीने 2017 मध्ये मीडियम फॉरमॅटमधला आरसा काढला. आता 'मीडियम' म्हणजे फिल्मच्या जमान्यात मोठ्या प्लेट आणि 35 मिमीची चिंचोळी फिल्म यांच्या मधलं. ताईच्या प्रश्नाचं उत्तर हे. गंमत म्हणजे जीएफएक्सचा 44 × 33 मिमीचा सेन्सर जुन्या 6 × 4.5च्या फिल्मच्या जेमतेम साठ टक्के भरतो. फुल-फ्रेमपेक्षा मात्र 1.7 पट, आणि माझ्या एपीएस-सीच्या चौपट. भाच्याला तो 'चौपट' शब्द फार आवडला होता. वाटेत फर्दापूर येईपर्यंत चार वेळा म्हणाला.

पहिल्या लेण्यात शिरलो. बाहेर डोळे दिपवणारं ऊन आणि आत... तुम्ही गेला असाल तर तो पहिला मिनिट माहीत आहे, काहीच दिसत नाही. मग हळूहळू भिंत उजळायला लागते. फ्लॅशला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे, दीड हजार वर्षांचे रंग आहेत ते. ट्रायपॉड लावायचा तर पुरातत्त्व खात्याची आधी परवानगी काढावी लागते, ती आमच्याकडे नव्हती. म्हणजे हातात धरूनच काढायचं. भाच्याचा कॅमेरा एफ/4 वर, आयएसओ 6400, शटर एक अष्टमांश सेकंद. माझा एफ/1.4 वर, आयएसओ 1600, शटर एक पंधरांश. कारण साधं आहे. एफ/4 पेक्षा एफ/1.4 मधून आठपट उजेड आत येतो. त्याचा सेन्सर चौपट, शटर माझ्या दुप्पट वेळ उघडं, आणि माझी लेन्स आठपट उघडी. सगळा हिशोब केला तर दोघांनी सारखाच उजेड गोळा केला होता. घरी येऊन दोन्ही फोटो एकाच आकाराचे करून शेजारी ठेवले तर दाणेही जवळजवळ सारखेच!

भाच्याचा चेहरा उतरला. मलाही वाईट वाटलं, खरं सांगतो. कारण हा धडा मी माझ्या खिशातून शिकलो होतो. काही वर्षांपूर्वी मीही असाच बोनसचे सगळे पैसे घालून मोठी फुल-फ्रेम बॉडी घेतली आणि लेन्सला पैसेच उरले नाहीत म्हणून एफ/4 झूमवर भागवलं. त्याच लेण्यात, त्याच भिंतीपुढे, आधीच्या स्वस्त कॅमेऱ्यापेक्षा वाईट फोटो आले. दोन वर्षं घरात कोणाला सांगितलं नाही. आज सांगतोय :)

शिवाय स्टॅबिलायझेशन आहे म्हणून एक अष्टमांशला हात स्थिर राहतो हे खरं, पण 102 मेगापिक्सेलमध्ये तुमचा श्वाससुद्धा दिसतो. गर्दीत मागून कोणाची तरी पिशवी लागते, पुढे शाळेची सहल असते. त्याच्या साठ-सत्तर फोटोंतले मोठे करून पाहिल्यावर खरोखर स्पष्ट असे पाच-सहाच निघाले.

पण ते पाच-सहा! पद्मपाणीच्या मुकुटाची रेघ, गिलाव्याला गेलेले तडे, भुवईची एका दमात ओढलेली कड... माझ्या फोटोत तिथे नुसता रंग होता, त्याच्यात रेषा होती. हे कबूल केलंच पाहिजे. कॅमेरा खोटा नव्हता. तो हातात धरून, घाईने, एफ/4ने काढायचा कॅमेरा नव्हता इतकंच.

त्या अंधारासाठी आपल्याकडे दोनशे वर्षं लोक खटपट करत आलेत. मद्रास फौजेतला रॉबर्ट गिल 1844 पासून इथे तळ ठोकून भिंतीवरच्या चित्रांच्या तैलरंगात नकला करत होता. त्यातल्या बहुतेक 1866 मध्ये लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. त्याने फोटोही काढले, आणि फर्ग्युसनच्या मजकुरासकट त्यांची पुस्तकं 1864 मध्येच निघाली, म्हणून ते वाचले. मग मुंबईच्या कला शाळेचे ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन 1872 पासून नकला करत राहिले, त्यातल्याही कितीतरी 1885 मध्ये लंडनलाच जळाल्या. निजामाच्या राज्यात याझदानींनी 1930 ते 1955 या काळात फोटोंवर आधारलेले चार खंड काढले. आणि 1991 मध्ये बिनॉय बहल यांनी जादा दिवे न लावता, आहे त्याच अंधुक उजेडात, शटर बराच वेळ उघडं ठेवून फिल्मवर ही चित्रं काढली. त्यांचं पुस्तक 1998 मध्ये आलं, ते आजही पाहावं. ही यादी मी भाच्याला परतीच्या वाटेवर ऐकवली, कारण यातल्या कोणाचंही काम सेन्सरच्या आकाराने झालेलं नाही. परवानगी, वेळ आणि कॅमेरा न हलवणारी तिपाई, बस. तो म्हणाला, "मामा, त्यांच्याकडे वेळ होता, मला शनिवारी लग्न आहे." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

अण्णांच्या लेन्सचं राहिलंच. झेनिट म्हणजे रशियन वीट! अण्णा गेल्यावर तो कपाटात पडून होता, शटर अडकलेलं. पण त्याची हेलिओस 58 मिमी एफ/2 लेन्स ठणठणीत. एसएलआरमध्ये आरशाला जागा म्हणून लेन्स आणि फिल्म यांच्यात साडेचार सेंटीमीटर अंतर असायचं. मिररलेसमध्ये ते दीड-दोन सेंटीमीटरवर आलं. उरलेल्या जागेत एक पोकळ कडं बसवलं की जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर चालते. कडं हजारभर रुपयांत मिळतं. फोकस हाताने करायचा, पण पडद्यावर चित्र मोठं करून पाहता येतं, त्यामुळे अंधारातही जमतो. कठड्यामागे उभं राहून त्या लेन्सने मी पद्मपाणीचा चेहरा काढला. त्या दिवशीच्या सगळ्या फोटोंत ताईला तोच आवडला, पण ती अण्णांची मुलगी आहे, तेव्हा तिचं मत धरू नका.

दुसऱ्या दिवशी वेरूळला मात्र भाच्याने मला धुतलं. कैलास पश्चिमेकडे तोंड करून आहे, दुपारनंतर ऊन समोरून येतं. वर शिखर उन्हात लखलखतंय आणि खाली अंगणात काळ्या बसाल्टची गडद सावली. माझ्या फोटोत एक तर शिखर पांढरं किंवा हत्ती काळे. त्याच्या एका रॉ फाईलमध्ये दोन्ही होतं, सावली उचलली की तिच्यात छिन्नीचे घाव दिसत होते. आयएसओ 100, भरपूर उजेड, एफ/8, ट्रायपॉडची गरजच नाही. इथे मोठ्या सेन्सरपुढे मी हात जोडले. (फाईली मात्र शंभर-दोनशे एमबीच्या, त्याचा लॅपटॉप रात्रभर कण्हत होता.)

तर मला काय वाटतं ते सांगतो, पटलं तर घ्या. नव्याने सुरुवात करणाऱ्याने सेकंड-हँड एपीएस-सी बॉडी घ्यावी आणि सोबत मिळणाऱ्या किट झूमऐवजी एफ/1.8 ची एक साधी लेन्स. नाथसागरावर रोहित पाहायला जाणाऱ्यांनी मायक्रो फोर थर्ड्सला नाक मुरडू नये, तिथे 300ची लेन्स 600चं काम करते आणि खांदा शाबूत राहतो. लग्नाचे फोटो काढणाऱ्याला फुल-फ्रेम. त्यावर एफ/1.8 लावली तर जीएफएक्सच्या एफ/4 पेक्षा जवळपास तिप्पट उजेड हाती लागतो, गणित करून पाहा. फुजीकडे मीडियम फॉरमॅटलाही एफ/1.7 लेन्सा आहेत, पण त्यांची किंमत ऐकून दाजींना पाणी द्यावं लागेल. मंडपात सायलेंट शटर वापरू नका, एलईडी दिव्यांचे पट्टे येतात. आणि आपल्या धुळीत लेन्स बदलताना कॅमेऱ्याचं तोंड खाली धरा, आता आत आरसा नाही, बंद ठेवल्यावरही पडदा ओढून घेत नसेल तर सेन्सर उघडाच असतो.

मीडियम फॉरमॅट वाईट नाही. पण तो भाड्याने आणायचा कॅमेरा आहे, ज्या दिवशी परवानगीचं पत्र हातात आणि ट्रायपॉड पाठीवर असेल त्या दिवशी. माझं हे मत काही जणांना कंजूष वाटेल, वाटू दे.

भाचा दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने फुल-फ्रेमची एक सेकंड-हँड बॉडी पाहिल्याचं कळवलं, त्याच्या स्वतःच्या साठवलेल्या पैशांत बसणारी. परवानगीच्या अर्जात कोणत्या लेण्यात किती वेळ लागेल ते लिहून द्यायचं म्हणून आता तो रविवारी वही घेऊन अजिंठ्याला जातो, कुठल्या भिंतीवर किती वाजता उजेड येतो ते टिपतो. वहीची पहिली तीन पानं मी पाहिली. एकोणिसाव्या लेण्यासमोर त्याने सकाळचे चार वेगवेगळे वेळ लिहून तीन खोडलेत.

ताईने काल परत फोन केला. "मग एफडी राहू देऊ ना?" म्हटलं, राहू दे. तर म्हणते, "आणि ती अण्णांची लेन्स, ती त्याला देशील का?"

विचार करतो म्हणालो.