टेम्पो रात्री कुठे उभा असतो?

फोर्डने डिसेंबर २०२५ मध्ये एफ-१५० लाइटनिंग या संपूर्ण विजेवरच्या पिकअपचं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. विजेच्या गाड्यांच्या धंद्यापायी १९.५ अब्ज डॉलरचा फटका सोसावा लागणार, हेही त्याच वेळी सांगितलं. एफ-मालिका ही १९७७ पासून अमेरिकेतली सर्वाधिक खपाची ट्रकमालिका. तिचा विजेवरचा अवतार मे २०२१ मध्ये लोकांपुढे आल्यावर सुमारे दोन लाख लोकांनी नावं नोंदवली होती. प्रत्यक्षात २०२४ च्या वर्षभरात लाइटनिंग खपल्या ३३ हजारांच्या आसपास, आणि एकूण एफ-मालिका साडेसात लाखांच्या वर. रॅमने तर आपला संपूर्ण विजेवरचा पिकअप बाजारात येण्याआधीच, सप्टेंबर २०२५ मध्ये, गुंडाळला.

या बातम्या येताच आपल्याकडेही ‘बघा, विजेवर माल वाहणं जमायचं नाही’ असं म्हणणाऱ्यांना जोर चढला. मात्र लाइटनिंग नेमकी कुठे अडली, हे पाहिलं तर वेगळंच चित्र दिसतं.

ताकदीत ती कमी नव्हती. साडेचार टनांचा ट्रेलर ओढण्याची क्षमता कंपनीने दिली होती. मोठ्या बॅटरीत १३१ युनिट वीज मावे आणि रिकामी गाडी एका चार्जमध्ये पाचशे किलोमीटरच्या घरात जाई. शिवाय गाडीत एकूण ९.६ किलोवॉटपर्यंत वीज देणारे प्लग होते. साइटवर करवत, वेल्डिंग, कॉम्प्रेसर, काहीही त्यावर चाले. सुताराला नि कंत्राटदाराला जनरेटर वेगळा न्यायला नको. मालवाहू म्हणून या गाडीचा हाच सर्वांत कामाचा गुण होता.

अडलं ते उंच ट्रेलर जोडून महामार्गावर निघाल्यावर. मोटार-मासिकांनी केलेल्या चाचण्यांत पल्ला दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरवर घसरला. त्याला वजन कारण होतं, पण मुख्य कारण हवा. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो, आणि ट्रेलरची भिंत ताशी ११० च्या वेगाने वारा कापत असेल तर बॅटरी भराभर रिकामी होते. डिझेलवाल्याचंही अशा वेळी इंधन जास्त जळतं. पण त्याची टाकी पाच मिनिटांत भरते, म्हणून त्याला ते जाणवत नाही. यावर अमेरिकी कंपन्यांनी शोधलेला उपाय म्हणजे आणखी मोठी बॅटरी. जीएमसीच्या हमर ईव्हीचं वजन त्यापायी चार टनांवर गेलं. त्यातली बॅटरीच सुमारे १.३ टनांची, म्हणजे आपल्या नव्या विजेवरच्या छोट्या हत्तीला जेवढा माल न्यायची परवानगी आहे त्याच्या पावणेदोनपट.

आता तो हत्तीच पाहू. टाटांचा एस मे २००५ मध्ये आला. ‘छोटा हत्ती’ हे नाव त्याला लोकांनीच दिलं. त्याची विजेवरची आवृत्ती मे २०२२ मध्ये जाहीर झाली: २१.३ युनिटांची बॅटरी, सहाशे किलो माल आणि कागदोपत्री १५४ किलोमीटरचा पल्ला. २०२४ मध्ये एक टन वाहणारी एस ईव्ही १००० आली. ऑक्टोबर २०२४ मध्ये महिंद्राने झीओ आणली. जून २०२५ मध्ये टाटांची एस प्रो आली, ७५० किलो माल वाहणारी. तिची पेट्रोल आवृत्ती ३.९९ लाखांना, सीएनजीची ४.९९ लाखांना आणि १४.४ युनिटांच्या बॅटरीची विजेवरची ६.५० लाखांना. एकाच गाडीची तीन इंधनं शेजारी शेजारी ठेवून हिशेब करायची अशी सोय सहसा मिळत नाही.

मग करूच. विजेवरच्या एस प्रोचा कागदावरचा १५५ किलोमीटरचा पल्ला बाजूला ठेवू आणि माल भरून शंभर किलोमीटर धरू. चार्जिंगमधली गळती मिळवून किलोमीटरला सुमारे ०.१६ युनिट वीज लागते. दहा रुपये युनिट पडलं तर हा खर्च १ रुपया ६० पैसे. पेट्रोल १०४ रुपये आणि लिटरला वीस किलोमीटर धरले तर ५ रुपये २० पैसे. किलोमीटरमागे ३ रुपये ६० पैसे वाचतात. पण सप्टेंबर २०२५ मध्ये मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. विजेच्या गाडीवर तो आधीपासून पाच टक्केच असल्याने तिला काही मिळालं नाही. अडीच लाखांचा फरक त्यामुळे पावणेतीन लाखांच्या पुढे गेला. तो भरून निघायला सुमारे ऐंशी हजार किलोमीटर लागतात. रोज ऐंशी किलोमीटर आणि वर्षाला तीनशे दिवस गाडी चालली तर सव्वातीन वर्षं. रोज चाळीसच चालली तर साडेसहा वर्षं, आणि तोवर कर्जाचे हप्ते कधीच संपलेले असतात. सीएनजीशी तुलना केली तर ही मुदत आणखी लांबते. विजेच्या टेम्पोची खरी गाठ सीएनजीच्या टेम्पोशीच आहे. डिझेलचं नाव घेऊन वाद घालणारे हे विसरतात.

म्हणजे रोज ऐंशी-नव्वद किलोमीटर धावणारी, पण शंभराच्या वर न जाणारी गाडी हवी. ऐकायला हे विचित्र वाटतं, तरी शहरात अशी कामं भरपूर आहेत: दूध, पाव, पाण्याचे जार, गॅस सिलिंडर, किराणा, कुरिअर, ऑनलाइन खरेदीची खोकी. रस्ता ठरलेला, फेऱ्या ठरलेल्या, वेग तिशी-चाळिशीचा. थांब-चाल रहदारीत पेट्रोलची गाडी इंधन फुकट जाळते. विजेची गाडी ब्रेकच्या वेळी थोडी वीज परत मिळवते आणि सिग्नलला उभी असताना जवळजवळ काहीच खात नाही. टाटांनी एस ईव्ही आणली तेव्हाच अ‍ॅमेझॉन, फ्लिपकार्ट, बिगबास्केट अशा कंपन्यांशी मिळून ३९ हजार गाड्यांचे सामंजस्य करार झाल्याचं सांगितलं होतं, ते याच हिशेबावर.

घाटाची भीती मात्र थोडी जास्तच घातली जाते. माल भरलेली अशी गाडी खोपोलीहून खंडाळ्याला, म्हणजे सुमारे पाचशे मीटर वर, चढवायला अडीच-तीन युनिट वीज लागते. १४.४ युनिटांतली तीन गेली तर दुखतं, पण गाडी घाटात मरत नाही. उतरताना काही परतही येते.

त्याहून मोठी अडचण आपल्या सवयीची आहे. साडेसातशे किलोच्या गाडीत साडेसातशे किलो भरणारा टेम्पोवाला सापडणं कठीण. गाडी शोरूममधून निघते ती थेट गॅरेजला, जादा कमानपाटा टाकून घ्यायला. भाडं देणाऱ्याला एका खेपेत सगळा माल पोहोचवायचा असतो आणि ‘बसंल की’ म्हणणारा दुसरा टेम्पो कोपऱ्यावर उभाच असतो. पेट्रोल-डिझेलची गाडी असा जुलूम कुरकुरत सोसते. बॅटरीची गाडी तो लगेच पल्ल्यातून वसूल करते. जादा भार बेकायदा आहेच, पण बॅटरीवर तो पहिल्या दिवसापासून तोट्याचाही आहे.

आणि काही कामं सरळ तिच्या आवाक्याबाहेरची आहेत. नारायणगावहून टोमॅटोचे क्रेट भरून रात्री निघायचं आणि पहाटेच्या आत वाशीच्या बाजारात लागायचं, हे बोलेरो पिकअपचं काम. एका बाजूलाच दीड-पावणेदोनशे किलोमीटर, माल नाशवंत, परतीचं भाडं मिळालं तर कुठल्याही गावाचं. वाटेत दोन तास चार्जिंगला थांबलं तर भाव दुसऱ्याला मिळतो. अशा शेतकऱ्याच्या गळ्यात आज विजेचा पिकअप मारणं हा अन्याय ठरेल.

पण वाशीपर्यंत न जाणाऱ्या, गल्लीतच फिरणाऱ्या टेम्पोवाल्यानेही ही गाडी फारशी का घेतली नाही? उत्तर पल्ल्यात सापडत नाही, पार्किंगमध्ये सापडतं. एस प्रोसारखी गाडी साध्या १५ अँपिअरच्या प्लगवर रातोरात चार्ज होते. पण तो प्लग कुठे आहे? भिवंडीच्या गोदामात आहे. कंपनीच्या आवारात आहे. स्वतःची एकच गाडी असलेला माणूस ती रात्री चाळीबाहेर, पुलाखाली, नाहीतर मार्केट यार्डाच्या कुंपणाला लावतो. त्याला दिवसा सार्वजनिक चार्जर गाठावा लागतो. तिथे युनिट महाग, रांग वेगळी, आणि तेवढ्या वेळात एक भाडं बुडतं. दीड रुपयाचं गणित मग तीन रुपयांवर जातं आणि सीएनजीवाला हसतो.

कर्जाचंही तेच. जुन्या छोट्या हत्तीला पाच वर्षांनी काय येईल, हे कुठलाही दलाल उभ्या उभ्या सांगतो. विजेच्या गाडीच्या जुन्या बाजाराला अजून भाव फुटलेला नाही, म्हणून कर्ज देणाऱ्या कंपन्या व्याज चढं लावतात आणि मुदत आखूड ठेवतात. झीओच्या बॅटरीवर सात वर्षं किंवा दीड लाख किलोमीटरची हमी आहे, ही जमेची बाजू. पण हमीचा कागद अजून किमतीत उतरलेला नाही. परिणाम असा की विजेचा टेम्पो घेतात ताफेवाले आणि चालवतो पगारी ड्रायव्हर. २००५ च्या हत्तीने हजारो ड्रायव्हरांना मालक केलं होतं. हा नवा हत्ती उलट्या दिशेने चालला आहे. वाढत्या खपाच्या बातम्यांत ही बाब कुणी लिहीत नाही.

सरकारचं लक्षही भलतीकडे आहे. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत ई-ट्रकांसाठी पाचशे कोटी आहेत, पण ते साडेतीन टनांवरच्या गाड्यांना. छोटा पिकअप त्याखाली येतो, म्हणून त्याच्या वाट्याला त्यातलं काही नाही. महाराष्ट्राने २०२५ च्या धोरणानुसार ऑगस्टपासून अटल सेतूवर विजेच्या मोटारी आणि बसना टोल माफ केला. मालवाहू गाड्या त्यात नाहीत. पंचवीस लाखांची मोटार फुकट जाते आणि साडेसहा लाखांचा टेम्पो टोल भरतो. दिवसातून दोनदा पूल ओलांडणाऱ्याला टोलमाफीची जास्त गरज आहे, एवढं तरी धोरण लिहिणाऱ्यांना कळायला हवं होतं. टोलची ही यादी दुरुस्त करणं आणि मार्केट यार्डात, ट्रक टर्मिनलवर, महापालिकेच्या वाहनतळांवर रात्रीसाठी मीटर लावलेले साधे १५ अँपिअरचे प्लग देणं, या दोन गोष्टींना नवी योजना लागत नाही. महागड्या फास्ट चार्जरांच्या उद्घाटनांपेक्षा टेम्पोवाल्याला या दोन्हींचा उपयोग जास्त होईल.

तोवर गाडी घेऊ पाहणाऱ्याने एवढं करावं. आठवडाभर रोजचे किलोमीटर, प्रत्येक खेपेचं वजन आणि रात्री गाडी कुठे उभी राहिली ते वहीत लिहावं. रोज साठ ते शंभर किलोमीटर, वजन पासिंगच्या आत आणि रात्रीच्या जागेला हक्काचा प्लग, हे तिन्ही जमत असेल तर विजेचा टेम्पो आजच घ्यावा. यातलं एक जरी बसत नसेल, तर सध्या सीएनजीच बरा.