कळ ओसरली, थकव्याचे काय?

पाळीत पोट दुखणे हा बाईच्या जन्माचाच भाग आहे, अशी आपल्याकडची जुनी समजूत. ती चुकीची आहे, याबद्दल हल्ली थोडेफार लिहिले-बोलले जाऊ लागले आहे. परंतु दुखणे ओसरल्यानंतरच्या दिवसांविषयी मात्र कोणी बोलत नाही. एन्डोमेट्रिऑसिस असलेल्या स्त्रीचे खरे हाल पुष्कळदा त्याच दिवसांत होतात. अंग ठेचल्यासारखे दुखते, कंबर धरते, मांड्या भरून येतात आणि दोन जिने चढले तरी मटकन खाली बसावेसे वाटते. घरचे विचारतात, "पाळी तर संपली, आता काय झालं?" माझ्या मते, गल्लत होते ती या प्रश्नातच.

या विकारात गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर, म्हणजे बीजकोषांवर, ओटीपोटाच्या आवरणावर, कधी आतड्यावर किंवा मूत्राशयावर वाढतात. तेथे दाह होतो, चिकटे तयार होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पाळी येणाऱ्या वयातील सुमारे १० टक्के स्त्रियांना, म्हणजे जगभरात सुमारे १९ कोटी जणींना, हा विकार आहे. रक्तस्राव थांबला म्हणजे हा दाह त्याच दिवशी विझतो असे नाही. फ्लू उतरल्यावर आठवडाभर जशी अंगात ताकद नसते, तसाच काहीसा हा प्रकार आहे.

त्यात आणखी तीन गोष्टींची भर पडते. दुखण्याने रात्रीची झोप मोडलेली असते. अंगावरून जास्त गेले असेल तर रक्तातले लोह घटलेले असते. आणि कळ सोसताना ओटीपोटाचे, कंबरेचे, मांड्यांचे स्नायू नकळत आवळून धरलेले असतात, ते नंतर ठणकतात. दुखणे वर्षानुवर्षे चालले तर मज्जासंस्थाही हळवी होते. दारावरची घंटा कोणी न दाबता नुसत्या वाऱ्याने वाजू लागावी, तसे साध्या ताणानेही दुखू लागते. हे 'मनाचे खेळ' नव्हेत.

आमचे परळ म्हणजे कष्टकऱ्यांची वस्ती. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे थंडावले आणि अनेक घरांचा भार बायकांनी पोळ्या लाटून, डबे करून, शिवणकाम करून उचलला. दुखणे अंगावर काढायची सवय तेव्हाही होती. आज त्याच गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतींत त्यांच्या मुली-सुना नोकरीला जातात. कामाचे स्वरूप बदलले, अंगावर काढण्याची रीत मात्र तशीच राहिली. गाडीची गर्दी, पुलाचे जिने, नऊ तास खुर्ची आणि घरी आल्यावर ओटा! यातल्या कोणालाही "मला थकवा आहे" असे म्हणायची लाज वाटते, कारण आपल्याकडे थकवा हा आजार समजला जात नाही, आळस समजला जातो.

पूर्वी 'कावळा शिवला' की बाईला चार दिवस बाजूला बसवत. ती रूढी अपमानकारक होती आणि ती गेली हे उत्तमच झाले. पण विटाळाबरोबर विश्रांतीही गेली, आणि तिच्या जागी आपण दुसरे काहीच आणले नाही. आता पाळीच्या दोन दिवसांत घरचे फार तर "पडून राहा" म्हणतात, आणि तिसऱ्या दिवशी साठलेले धुणे, तुंबलेली कामे, कार्यालयातल्या राहिलेल्या फायली एकदम तिच्या पुढ्यात येतात. शरीर सर्वात रिते असते तेव्हाच वसुली सुरू होते. काम साठवून ठेवणे म्हणजे विश्रांती नव्हे. ते दुसऱ्या कोणी करणे ही विश्रांती. हे घरातल्या पुरुषांनी समजून घ्यावे.

आता उपायांकडे वळू. प्रथम, थकव्याची कारणे तपासून घ्यावीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता. म्हणून हिमोग्लोबिन, शक्य असल्यास लोहाचा साठा दाखवणारी फेरिटिन चाचणी आणि थायरॉइड एवढे तरी पाहावे. लोह कमी असेल तर गोळ्या पूर्ण मुदत घ्याव्यात. पालेभाज्या, कडधान्ये, त्यावर लिंबू आणि चालत असेल तर मासे-मटण ठेवावे. जेवणाबरोबरचा चहा मात्र टाळावा, तो लोह शोषू देत नाही.

वेदनाशामक गोळी कळ शिगेला पोचण्याआधी, पोटात काही असताना घ्यावी. जठरव्रण, दमा किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी, तसेच दिवस राहण्याची शक्यता असणाऱ्यांनी, ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. दुखणे दर महिन्याला येत असेल तर गोळीवर गोळी घेण्यापेक्षा संप्रेरकांच्या उपचारांबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलावे. दुर्बिणीतून पाहिल्याशिवाय उपचार सुरूच करता येत नाहीत, असे आता मानले जात नाही. २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनीही तसे स्पष्ट केले आहे.

शेक, कोमट पाण्याची अंघोळ, हलके ताण देणारे व्यायाम आणि सपाट रस्त्यावरचे दहा-पंधरा मिनिटांचे चालणे यांनी आखडलेले स्नायू सैल होतात. कामाचे तुकडे पाडावेत. बरे वाटले त्या दिवशी आठवड्याची कामे उपसायची आणि पुढचे तीन दिवस अंथरूण धरायचे, हा फेरा तोडायला हवा. बरे वाटत असतानाच थांबावे.

मात्र सगळेच 'नेहमीचे' म्हणून सोडून देऊ नये. अचानक असह्य कळ, ताप, चक्कर, सतत उलट्या, लघवीत वा शौचात रक्त, किंवा पाळी चुकलेली असताना पोटात दुखणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

दोन सल्ले मात्र मुळीच ऐकू नयेत. "लग्न कर, मूल झालं की बरं होईल" हा पहिला. गरोदरपण हा या विकारावरचा इलाज नव्हे. "पिशवी काढून टाका, कटकट मिटेल" हा दुसरा. पेशी गर्भाशयाबाहेर असतात, त्यामुळे पिशवी काढूनही त्रास उरू शकतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला तो याच कारणाने: बाईच्या दुखण्यापेक्षा तिचा बुडणारा रोज मोठा ठरला होता.

परळला १९२६ पासून के.ई.एम. आणि वाडिया प्रसूतिगृह आहे. शिवाय राष्ट्रीय प्रजनन व बालस्वास्थ्य संशोधन संस्थाही येथेच आहे आणि तिने भारतीय स्त्रियांतील एन्डोमेट्रिऑसिसचा अभ्यास हाती घेतलेला आहे. म्हणजे दारातच गंगा आहे. अडते ते बाईने तोंड उघडण्यापाशी, आणि तिने उघडल्यावर आपण ऐकण्यापाशी.

यासाठी एक साधी गोष्ट सुचवतो. भिंतीवरच्या कालनिर्णयावर दुधाचा हिशेब आणि पाळीची तारीख आपण लिहितोच. आता दुखण्याचे आणि थकव्याचे दिवसही तिथेच खुणेने मांडा. तीन महिन्यांची ती पाने डॉक्टरांसमोर ठेवा. "कधीकधी दुखतं" या शब्दांपेक्षा त्या खुणा जास्त बोलतात. त्या पाहूनही कोणी "बायकांचं नेहमीचंच" म्हणाले, तर तुम्ही खुशाल दुसरा डॉक्टर गाठा.