जंबेरीचं बी, संत्र्याचा डोळा



आज सुरुवातीलाच एक कोडं घालतो. पेरलं आंबट आणि तोडलं गोड, असं फळ कोणतं? वरूड, मोर्शी, शेंदुरजना घाट या भागातल्या मुलांनी उत्तर सांगायचं नाही बरं का! त्यांना ते पाळण्यातच ठाऊक झालेलं असतं. बाकीच्यांनी जरा डोकं खाजवा. नाही सुटत? उत्तर आहे आपला संत्रा!

"हे कसं काय? संत्रा तर संत्र्याच्याच बीपासून येणार ना?" असं तुम्ही म्हणाल. थांबा, सांगतो. पण त्याआधी एका जुन्या पत्राची गोष्ट ऐका.

साधारण एकोणीसशे सत्तर वर्षांपूर्वी पौल नावाचा एक गृहस्थ होता. तंबू तयार करणं हा त्याचा धंदा आणि गावोगाव हिंडून येशूची शिकवण सांगणं हे त्याचं काम. आजच्या तुर्कस्तानात तेव्हा गलतिया नावाचा प्रांत होता. तिथल्या लोकांना त्याने एक पत्र लिहिलं आणि ते पुढे बायबलमध्ये आलं. पत्राच्या शेवटाकडे तो त्यांना बजावतो की, स्वतःला फसवू नका, देवाला कुणी चकवू शकत नाही. माणसाच्या हातून जे बी पडतं, त्याचंच पीक त्याच्या पदरात येतं. आपल्याकडे आजी हेच दोन-तीन शब्दांत सांगते, "पेराल ते उगवेल." गलतियातला शेतकरी गहू पेरत असेल आणि वऱ्हाडातला कापूस, तूर, ज्वारी, पण जमिनीचा कायदा दोन्हीकडे एकच!

मग वरूडचा संत्रा हा कायदा मोडतो की काय? चला, रोपवाटिकेत जाऊन बघू.

वरूडजवळचं शेंदुरजना घाट हे गाव संत्र्याच्या कलमांसाठी प्रसिद्ध आहे. तिथे वाफ्यात जे बी पेरतात ते संत्र्याचं नसतंच मुळी. ते असतं जंबेरीचं. जंबेरी म्हणजे जाड, खडबडीत सालीचं, दात आंबवणारं एक रानदांडगं लिंबू. रोप साधारण पेन्सिलीएवढं जाड झालं की त्याच्या सालीवर एक चीर देतात. मग चांगल्या, निरोगी संत्र्याच्या झाडाचा एक डोळा, म्हणजे फुटायच्या बेतात असलेली कळी, सालीसकट अलगद काढून त्या चिरेत बसवतात आणि वरून पट्टी बांधतात. याला म्हणतात डोळा बांधणं. डोळा जगला आणि फुटला की त्याच्या वरचा जंबेरीचा शेंडा छाटून टाकतात. आता खाली मुळं जंबेरीची आणि वर झाड संत्र्याचं. जमिनीतून पाणी ओढायचं काम जंबेरी करते, फळ मात्र डोळा ठरवतो.

म्हणजे कायदा मोडला का? मुळीच नाही! उलट दोनदा पाळला. जंबेरीने जंबेरीचीच मुळं दिली आणि संत्र्याच्या डोळ्याने संत्रेच दिले. आणि खरी गंमत तर पुढेच आहे. कधी कधी डोळ्याच्या खालून, जंबेरीच्या खुंटालाच जोमदार फूट येते. सरळसोट वाढणारी, हिरवीगार, काटेरी फूट. नवशिक्याला वाटतं, वा, झाड काय फोफावलंय! जाणता बागवान मात्र ती दिसल्याबरोबर काढून टाकतो. कारण ती तशीच ठेवली तर झाडाचं सारं बळ तीच खाते, वरचा संत्रा मागे पडतो आणि हाती काय येतं? आंबटढाण जंबेरी!

दोस्तांनो, आपण कुठल्या घरात जन्मलो, घरी पैसा किती, आईवडील किती शिकलेले, हा झाला आपला खुंट. तो आपण निवडलेला नसतो. पण त्यावर डोळा कोणता बांधायचा, हे बरंचसं आपल्या हातात असतं. रोज अर्धा तास वाचन हा एक डोळा. खरं बोलण्याची सवय हा दुसरा. आणि "आजचा दिवस कॉपी केली तर काय बिघडलं?" ही झाली खालून आलेली फूट. सुरुवातीला तीसुद्धा मोठी टवटवीत दिसते. मार्क मिळतात, घरी कौतुक होतं. पण बळ कोण खातंय, ते ओळखायला हवं.

आता दुसरी गोष्ट, वेळेची. तूर पेरली की त्याच वर्षी घरात येते. संत्र्याचं तसं नाही. कलम लावल्यावर खऱ्या अर्थाने फळं धरायला पाच-सहा वर्षं जातात. म्हणजे तुम्ही पाचवीत असताना बाबांनी कलम लावलं, तर तुम्ही दहावीत जाल तेव्हा कुठे बाग हाताशी येणार. आणि रोपवाटिकेतून डोळाच जर रोगट किंवा हलक्या झाडाचा आला असेल, तर तेही पुष्कळदा तेव्हाच कळणार. तोवर खत गेलं, पाणी गेलं, मेहनत गेली आणि वर्षं गेली. म्हणून तर शहाणा शेतकरी कलम घेताना भाव नंतर विचारतो, मातृवृक्ष कोणता ते आधी विचारतो.

माणसाचं असंच आहे. सहावीत अपूर्णांक टाळले तर सहावीत काहीच होत नाही. आभाळ कोसळत नाही. ते कोसळतं नववीत, बीजगणिताच्या तासाला! पेरणी आणि कापणी यांच्यामध्ये लांब अंतर असतं, आणि त्या अंतरातच माणूस फसतो. वाईट पेरणाऱ्याला वाटतं, आपण सुटलो. चांगलं पेरणाऱ्याला वाटतं, आपलं फुकट गेलं. पौलाला हे ठाऊक असावं. कारण पेरणीचं बोलून झाल्यावर लगेच तो सांगतो की, चांगलं करताना कंटाळू नका, मध्येच हात टेकले नाहीत तर योग्य वेळी पीक पदरात पडेल.

तिसरी गोष्ट जरा अवघड आहे. पेरतो एक आणि भोगतो दुसरा, असंही होतं. वरूडनेच ते पाहिलं आहे. संत्र्याच्या झाडाला उन्हाळ्यातही पाणी लागतं. पूर्वी विहिरीवर मोट चालायची. बैल दमले की उपसा थांबायचा. मग विजेचे पंप आले, पुढे बोअर आले. पंप काही दमत नाही. जो तो आणखी खोल गेला. या भागात बराचसा काळा पत्थर आहे. त्याच्या पोटात पाणी साठतं ते भेगांमधून, आणि भेगांना कुणाचा धुरा कळत नाही. माझ्या बोअरने ओढलेलं पाणी तुझ्या विहिरीचंही असू शकतं. होता होता वरूड तालुक्याचं नाव भूजलाच्या अतिउपशासाठी सरकारी अहवालात गेलं. दुष्काळी वर्षांत पोटच्या पोरासारखी वाढवलेली झाडं उभ्याउभ्या वाळली. त्यांत अशाही बागा होत्या, ज्यांच्या मालकांनी पाणी काटकसरीनं वापरलं होतं. ज्यांचा दोष नव्हता, त्यांनीही कापणी केली.

पण मुलांनो, हाच नियम उलट्या बाजूनेही चालतो. 2016 साली पानी फाउंडेशनची 'सत्यमेव जयते वॉटर कप' स्पर्धा पहिल्यांदा झाली. त्या वर्षी राज्यातले तीनच तालुके निवडले होते : साताऱ्याचा कोरेगाव, बीडचा अंबाजोगाई आणि आपला वरूड. तिन्ही मिळून 116 गावं उतरली. एप्रिल-मेच्या वऱ्हाडी उन्हात माणसं कुदळ-फावडं घेऊन उतारावर गेली आणि चर खणू लागली. पाऊस धावत पळून जाऊ नये, मुरावा, एवढ्यासाठी. याला पाणी पेरणं म्हणतात!

जरा गणित करू. एक मीटर लांब, 60 सेंटीमीटर रुंद आणि 30 सेंटीमीटर खोल चर घ्या. गुणाकार केला की उत्तर येतं 180 लिटर. दहा मीटर चर म्हणजे 1800 लिटर, तेही एकदा भरला तर! पावसाळ्यात तो पुष्कळदा भरतो आणि रिकामा होतो. आणि एक हेक्टर रानावर फक्त एक सेंटीमीटर पाऊस पडला, तर ते होतात एक लाख लिटर. आहे की नाही मोठी पेरणी? त्या वर्षी पहिलं बक्षीस कोरेगाव तालुक्यातल्या वेळू गावाला मिळालं. पण पाणी काही बक्षीस बघून मुरत नाही. ज्या गावात चर खणला, त्या गावाच्या पोटात ते गेलं. वर ज्यांनी कुदळ मारली, त्यांच्यासाठीच नाही, तर खालच्या शेतातल्या अनोळखी माणसासाठीही. मात्र मुरलेलं पाणी पुन्हा बेसुमार उपसलं, तर हिशेब परत शून्यावर येतो, हेही विसरून चालणार नाही.

आता शेवटची गोष्ट. ती आईबाबांनीही वाचावी. 'पेराल ते उगवेल' हे वाक्य पुढच्या दिशेनं वाचायचं असतं. ते उलटं वाचलं की फार घात होतो. उलटं म्हणजे कसं? कुणावर संकट आलेलं पाहिलं की म्हणायचं, "यानं काहीतरी वाईट पेरलं असणार!"

बायबलमध्येच ईयोब नावाच्या सज्जन माणसाची गोष्ट आहे. त्याची गुरंढोरं गेली, मुलंबाळं गेली, अंगभर फोड आले. मित्र भेटायला आले आणि त्यालाच ऐकवू लागले की, हे तुझ्या पापाचं फळ. गोष्टीच्या शेवटी देव त्या मित्रांवरच रागावतो! दुसऱ्या एका प्रसंगात शिष्य येशूला विचारतात की, हा माणूस जन्मतः आंधळा आहे, तर पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापाचं? येशूचं उत्तर असतं, दोघांचंही नाही.

आपल्या अमरावतीतही हे घडलं आहे. कुष्ठरोग झाला की पूर्वी लोक म्हणायचे, मागच्या जन्मीचं पाप. आणि आजारी माणसाला घराबाहेर, गावाबाहेर काढायचे. खरं तर हान्सेन या नॉर्वेच्या डॉक्टरने 1873 मध्येच दाखवून दिलं होतं की, या रोगामागे एक जंतू आहे. जंतू पापपुण्य विचारत नाही. तरीही गावोगाव दारं बंदच राहिली. अशा वेळी डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी 1946 साली अमरावतीत तपोवन उभारलं. घरच्यांनी टाकलेल्या रुग्णांना तिथे औषध मिळालं, काम मिळालं, मान मिळाला. "तू काय पेरलंस?" हे त्यांनी विचारलं नाही. "आता मी इथे काय पेरू?" हे स्वतःला विचारलं.

म्हणून वर्गात कुणी नापास झाला, कुणाच्या बापाची बाग गारपिटीनं गेली, कुणी सतत आजारी असतं, तर त्याच्या पेरणीचा हिशेब मांडत बसू नका. हिशेब फक्त स्वतःच्या वाफ्याचा करायचा. दुसऱ्याच्या वाफ्याला जमलं तर तांब्याभर पाणी घालायचं.

या आठवड्यासाठी एक काम देतो. वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने आखा. पहिल्यात लिहा, गेल्या वर्षी मी कुठला डोळा बांधला. दुसऱ्यात लिहा, खालून कोणती फूट येऊ पाहते आहे. कुणाला दाखवायचं नाही, फक्त खरं लिहायचं. आणि फूट कोवळी असतानाच काढा बरं! ती जून झाली की कुऱ्हाड लागते.

भेटू पुढच्या आठवड्यात. तोवर गोड संत्रे खा, आणि साली रस्त्यावर टाकू नका. तीही एक पेरणीच आहे. फक्त तिचं पीक पाय घसरलेला भलताच माणूस कापतो!