अंदाजपंचे धोपटणे

माणदेशात वल्ह्याला गिऱ्हाईक नाही. नदी आहे, पण ती बरेच महिने वाळू दाखवून वेळ मारून नेते. आमच्याकडं चालतो तो वल्ह्याचा कोरडवाहू भाऊ – कपडे बडवायचं धोपटणं.

आईचं जुनं धोपटणं चिरलं, तेव्हा ते घेऊन मी एका सुतारमामांकडं गेलो. म्हटलं, "मामा, याच मापाचं करा." मामांनी एकदा पाहिलं आणि परत दिलं. "न्या हे. माप डोळ्यांत बसलं."

बसलं ते डोळ्यांतच. बाभळीच्या फळीवर डावी बाजू बोटभर जास्त उतरली. पहिल्याच दणक्याला धोपटणं मुठीत फिरलं, शर्टाची दोन बटणं गेली आणि आईचं मनगट आठवडाभर हळदीच्या लेपात! मामा म्हणाले, "हातकाम हाय, जरा वाकडं असायचंच."

माझं भांडण आहे ते या वाक्याशी. हाताला वाकडेपणाचा परवाना दिला कुणी? 'सुतार' हा शब्दच 'सूत्रधार'वरून आलेला. त्यानंच सूत सोडलं, तर म्हसवडच्या सिद्धनाथाचा रथ अंदाजाच्या चाकांवर वेशीपर्यंत तरी गेला असता का?

आणि फर्म्याला लागतं काय हो? कागद मधोमध दुमडा, अर्धंच धोपटणं काढा, कापा, उलगडा. दोन्ही बाजू जुळ्या! तो पुठ्ठ्यावर डकवून कापा. मधली रेघ ठळक ठेवा, फळीवरही सूत मारून रेघ पाडा आणि रेघेवर रेघ बसवा. मग फर्मा पालथा घालून पाहा. चूक असेल तर दुप्पट दिसते. जाडीचा फर्मा वेगळा करा. मात्र नव्या धोपटण्यावरून पुढचं आखू नका. पेन्सिल दर वेळी कडेबाहेर केसभर चालते. नकलेची नक्कल करत गेलात, तर नातीच्या हाती क्रिकेटची बॅट येईल.

"फर्म्यानं कारागिरी मरते," असं शहरातले रसिक म्हणतात. फर्मा नुसता आकार सांगतो. गाठ कुठं चुकवायची, मूठ कुठं बारीक करायची, हे हातच ठरवतो. रसिकांना वाकडी वस्तू भिंतीवर टांगायची असते. आईला चादरी धुवायच्या असतात.

शेवटी जुन्या धोपटण्याच्या न झिजलेल्या अर्ध्या अंगावरून मीच फर्मा काढला. मामांनी कुरकुरत त्यावर दुसरं करून दिलं. ते मुठीत फिरत नाही.

मागच्या साली मामांच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आईच्या धोपटण्याचं माप तेव्हा सुखरूप होतं. खुंटीला!