खपाचा आकडा आणि पाचवं गाणं

चांदवडच्या बाजार समितीबाहेर कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागली, की लिलावाची वाट बघता बघता कुठल्या तरी ट्रॅक्टरवर गाणं सुरू होतं. पूर्वी कॅसेट असायची. फीत गुंतली, की चाकात पेन्सिल घालून ती फिरवायची आणि पुन्हा लावायची. आता गाणं मोबाइलवर वाजतं आणि एक संपलं, की पुढचं भलत्याच गायकाचं येतं. एकाच कलावंताची आठ-दहा गाणी सलग ऐकण्याची सवय सुटत चालली आहे. मग मराठी गायकांनी अख्खा अल्बम काढावाच कशाला, असा सवाल निघतो. तो रास्त आहे.

सुट्या गाण्याची बाजू भक्कम आहे. खर्च बेताचा आणि मुंबईतल्या कंपनीचे उंबरठे झिजवायला नकोत. ‘हाई झुमका वाली पोर’ हे अहिराणी गाणं यूट्यूबवरून खानदेशाच्या पार पलीकडे गेलं. ऐंशीच्या दशकात स्वस्त कॅसेटनेही हेच केलं होतं. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज घराघरांत पोचला, तो त्याच वाटेने. ज्या बोलींना रेडिओवर फारशी जागा नव्हती, त्यांना या वाटांनी जागा दिली. हे विसरून अल्बमचे गोडवे गाणं अन्यायाचं होईल.

तरीही अल्बम जे देतो, ते सुटं गाणं देऊ शकत नाही. मिलिंद इंगळे आणि सौमित्र यांचा ‘गारवा’ आठवावा. त्यातला पाऊस एका गाण्यात मावणारा नव्हता. पहिलं गाणं कानाला ओढून आणतं, पण मनात घर करतं ते बहुधा पाचवं, हळू आवाजातलं. यादीत एकटं पडलं, तर त्याला कोण विचारणार?

खपाच्या आकड्यालाही तुच्छ लेखू नये. जपानमध्ये 1999 साली सोळा वर्षांच्या उताडा हिकारूचा ‘फर्स्ट लव्ह’ हा अल्बम आला आणि एकट्या त्या देशात त्याच्या 76 लाखांहून अधिक प्रती खपल्या. अल्बमच्या खपाचा त्या देशातला हा विक्रम आजही मोडलेला नाही. लोकांनी खिशातून पैसे काढून दिलेला तो कौल होता. पण त्याच जपानमध्ये पुढे गायिकांशी हस्तांदोलनाची तिकिटं सीडीसोबत मिळू लागली आणि एकेका चाहत्याने एकाच सीडीच्या कित्येक प्रती घेतल्या. म्हणजे आकडा किती मोठा, याआधी तो कशाचा, हे विचारायला हवं. फुकटात मिळालेले ‘व्ह्यूज’ आणि विकत घेतलेली प्रत एका तराजूत तोलता येत नाहीत.

आमचा कौल असा: नव्या गायकाने सुट्या गाण्याने सुरुवात जरूर करावी, पण सांगण्यासारखं बरंच साठलं, की अल्बम करावा. त्याचा खर्च मंचावरून निघू शकतो. संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांनी 2003 पासून ‘आयुष्यावर बोलू काही’चे प्रयोग गावोगाव करून तिकीट काढून येणारा श्रोता घडवला. कॉपीराइट कायद्यातल्या 2012 च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा राखला आहे. पण कुणी पैसे मोजलेच नाहीत, तर वाटा कशाचा देणार?

उरलेलं काम आपलं आहे. गणेशोत्सवात डीजेवर जो खर्च होतो, त्यातली एक संध्याकाळ चांदवडच्या मंडळांनी एखाद्या गायकाच्या अख्ख्या अल्बमला द्यावी. पाचव्या गाण्यापर्यंत जागेवरून न उठणारे शंभर श्रोते मिळाले, तरी त्या गायकाला सहावं गाणं लिहायचं बळ येईल.