काटा उतरला, तेव्हा

आमच्या एका वाचकांनी, बहुधा बडोद्याहून, अशी पृच्छा केली आहे की, त्यांच्या जुन्या मोटारीचा उष्णतामापक काटा रात्री दिवे लावताच वर चढतो आणि दिवे मालविले की खाली येतो. तर दिव्यांनी इंजिन तापते काय? दिव्यांनी इंजिन तापत नाही. परंतु एवढेच उत्तर देऊन लेखणी खाली ठेवणे आम्हांस साधणार नाही. कारण याच प्रश्नाची आम्ही दोन महिने हेळसांड केली आणि तिची किंमत आमच्या मातोश्रींना मोजावी लागली.

आमच्या घरी १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. वडिलांनी घेतलेली, म्हणून अद्याप ठेवलेली. मुंबईच्या रस्त्यांवरून या जातीची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस निवृत्त झाली, तेव्हा आम्हांस उगाचच घरचे कोणी गेल्यासारखे वाटले. ही गाडी ज्यांच्या प्रीमियर कारखान्यात तयार होई, ते वालचंद हिराचंद सोलापूरचे. घराणे मूळचे गुजराती. गुजरातेतून महाराष्ट्रात स्थायिक झालेल्या घराण्याच्या कारखान्यातील गाडी महाराष्ट्रातून गुजरातेत स्थायिक झालेल्या आमच्यासारख्यांनी चालवावी, यात काही फिटंफाट झाली असे आम्ही मानतो. असो.

सुरतेच्या उन्हाळ्याला कंटाळून आम्ही या गाडीस वातानुकूलन यंत्र बसविले. त्यासाठी इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा मूळचा पंखा काढून विजेचा पंखा आला, डॅशबोर्डावर नवा उष्णतामापक आला आणि त्याचा सेंडर, म्हणजे पाण्यात बुडून राहणारे पितळी बोंड, कारागिराने रेडिएटरकडे जाणाऱ्या वरच्या रबरी नळीत एक जोड घालून बसविले. हेडात भोक पाडण्याचे श्रम वाचले, म्हणून आम्हीही खूष झालो. त्या दिवसापासून पंखा सुरू झाला की काटा दोन बोटे वर जाई. त्यात दिवे लावले तर लाल रेघेला टेकेच. आरंभी आम्ही घाबरून गाडी थांबवीत असू. रेडिएटरमध्ये पाणी भरलेले, इंजिन शांत. पुढे पुढे काटा चढला तरी आम्ही ढुंकून पाहीनासे झालो.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत नवापूरला मामांच्या दहाव्यास निघालो. मातोश्री, सौ. आणि आम्ही. उधन्याहून पहाटे निघून चलथाणपाशी आलो, तो साखर कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली. गाडी पावलापावलाने सरकत होती. काटा चढला; आम्ही दुर्लक्ष केले. थोड्या वेळाने तो आपण होऊन खाली उतरला, अगदी निम्म्याखाली. आम्ही सौ.ला म्हणालो, "पाहा, बसला जागेवर."

मागून मातोश्री म्हणाल्या, "अरे, काटा उतरला म्हणतोस, मग हा वास कसला?"

रस्त्याच्या कडेला गाडी घेतली तोवर इंजिन खडखडून बंद पडले होते. जवळच एक गॅरेज उघडत होते. मिस्त्री धुळ्याकडचे निघाले. आम्ही काट्याची हकीकत सांगू लागलो, तो ते म्हणाले, "दादा, काट्याकडं नका पाहू. आधी खाली पाहा." खालच्या नळीचा क्लिप सुटून सारे पाणी रस्त्यावर गेले होते. आम्ही रेडिएटरची टोपी काढावयास हात घातला, तर त्यांनी तो धरून बाजूस केला. टोपीच्या दाबाखाली पाणी शंभर अंशांच्या वरही द्रवरूप राहते. टोपी सैल होताच दाब उतरतो आणि उरलेसुरले पाणी वाफ होऊन तोंडावर येते.

गाडी त्या दिवशी हलणार नव्हती. सुदैवाने चलथाण ताप्ती मार्गावरचे स्टेशन आहे. त्याच मार्गाने खानदेशातील किती पिढ्या सुरतेस आल्या! सौ.ने मातोश्रींना घेऊन पॅसेंजर गाठली. नवापूरचे स्टेशन अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत. एरवी मातोश्री तेथे उतरल्या की "आता माहेरच्या हद्दीत आले" असे हसून म्हणतात. त्या दिवशी त्या पोहोचल्या तेव्हा कावळा शिवून गेला होता आणि मंडळी घाटावरून परतली होती.

आता काट्याने दोन वेळा दोन प्रकारे कसे फसविले, ते पाहू. सेंडरात विशिष्ट धातूंच्या ऑक्साइडांची एक चकती असते. तांब्याच्या तारेचा विजेला होणारा रोध उष्णतेने वाढतो. या चकतीचा उलट घटतो. असा उलटा स्वभाव सिल्व्हर सल्फाइडात मायकेल फॅरेडेने १८३३ मध्येच नोंदविला होता. पाणी तापते, रोध घटतो, सेंडरातून अधिक वीज वाहते आणि काटा चढतो. या विजेची परतीची वाट इंजिनाच्या धातूतून असते. आमच्या जोडाला रबराने दोन्हीकडून वेगळे पाडलेले, म्हणून कारागिराने एक तार इंजिनाला बांधली होती. ती ठीक होती. काट्याची परतीची वाट मात्र गाडीच्या पत्र्यातून होती. पत्रा आणि इंजिन यांना जोडणारी अर्थिंगची विणलेली पट्टी गंजून चार धाग्यांवर आली होती. पंखा व दिवे यांची सारी वीज पत्र्यातून याच पट्टीने इंजिनावरील आल्टर्नेटरकडे परतणार! वाट अरुंद, म्हणून पत्र्याचा दाब इंजिनाहून थोडा उंचावे आणि काट्याला वाटे, सेंडरच अधिक तापला आहे.

मिस्त्रींनी मीटरची एक सळई इंजिनाला व दुसरी पत्र्याला लावून, इंजिन दुरुस्त झाल्यावर, आम्हांस हे प्रत्यक्ष दाखविले. पंखा बंद असता जवळजवळ शून्य. पंखा आणि दिवे लावताच पाऊण व्होल्ट. येथे एक-दोन दशांशाहून अधिक दिसता कामा नये. बडोद्याच्या वाचकांनी सर्वांत आधी हीच परीक्षा करावी.

दुसरी फसवणूक अधिक घातक. सेंडर पाण्याचे तापमान सांगतो, इंजिनाचे नव्हे. आमचा बसविला होता उंचावरच्या नळीत, म्हणजे पाणी घटू लागताच प्रथम कोरडा पडणार तोच. भोवती पाणी उरले नाही, पंख्याचा वारा लागला, बोंड निवले आणि काटा उतरला. आत हेड भाजत होते. ते वाकले, लेथवर घासून सपाट करावे लागले, गॅस्केट नवे आले. सेंडर आता हेडात, पाण्याच्या वाटेवर बसविला आहे.

ज्यांचा काटा मुळीच हलत नाही, त्यांनी सेंडरची तार सुटी करून क्षणभर इंजिनाला टेकवावी. काटा टोकाला गेला तर काटा व तार निर्दोष. दोष सेंडरात किंवा त्याच्या आट्यांत. आट्यांवर गळती थांबविण्याची पांढरी फीत अनेक फेरे गुंडाळण्याची नळकारागिरांची सवय मोटारींतही शिरली आहे. तिने परतीची वाटच तुटते आणि काटा खरे आहे त्याहून कमी दाखवितो. दुकानदार "सगळे एकच" म्हणून दुसऱ्या गाडीचा सेंडर देतो, तोही घेऊ नये. संगणकाला तापमान कळविणाऱ्या एका प्रचलित जातीचा रोध २० अंशांवर अडीच हजार ओहम आणि ८० अंशांवर सुमारे ३२० असतो. काट्यासाठी बनविलेल्या कित्येक सेंडरांचा ९० अंशांवर पन्नासेकच. शंका असल्यास बोंड पातेल्यातील पाण्यात तारेने लोंबकळते धरून, शेजारी थर्मामीटर ठेवून, मीटरने मोजावे. पातेले मात्र पुन्हा स्वयंपाकात घेऊ नये. आमच्या घरी यावरून एकदा शब्दाला शब्द झाला आहे.

नवी पट्टी आम्ही जाड तांब्याची घातली, दोन्ही टोकांचा रंग खरवडून. आता पंखा लागला, दिवे लागले, तरी काटा हलत नाही. मातोश्रींना हे सारे आम्ही दोनदा समजावून सांगितले. नवापूरला जावयाचे ठरले की त्या अजूनही उधन्याहून पॅसेंजरचे तिकीट काढावयास सांगतात.