ज्याचें नांव त्याच्या घरीं

आण्यास येऊन कोणी वडगांवची वाट विचारली, तर आधीं "कोणतें वडगांव?" असा प्रश्न येतो. आमच्या जुन्नर तालुक्यांत वडगांव आनंद आहे, वडगांव कांदळी आहे आणि वडगांव साहनीहि आहे. संगणकासहि हा विवेक लागतो, हें आम्हांस गेल्या महिन्यांत कळलें.

आमच्या नातीनें घरखर्चाचा हिशेब पायथन भाषेंत लिहिला. ही भाषा १९९१ सालची. २००८ पासून तींत देवनागरी नांवेंहि चालतात. तिनें प्रारंभीं 'बेरीज' या नांवास शून्य दिलें. मग 'किराणा' नांवाच्या फंक्शनांत रकमा मिळवून उत्तर पुन्हां 'बेरीज' यांतच ठेवलें. यंत्रानें तक्रार केली नाहीं. शेवटीं बेरीज मात्र शून्यच! शून्य होतें म्हणून चूक दिसली. तेथें मागील महिन्याचा आंकडा असता, तर तोच खरा मानून आम्ही वाण्याचें देणें चुकतें केलें असतें.

आम्हांस संगणक येत नाहीं, व्याकरण येतें. घरांत वृद्धि म्हणजे सोयर. स्मृतिग्रंथांच्या ऋणप्रकरणांत वृद्धि म्हणजे व्याज. पाणिनीच्या पहिल्याच सूत्रांत वृद्धि म्हणजे आ, ऐ, औ. म्हणून व्याकरण शिकतांना कोणास सोयर लागत नाहीं!

येथेंहि तसेंच. फंक्शनांत ज्या नांवास किंमत दिली, तें त्या फंक्शनापुरतें. काम संपतांच तें संपतें. आंत न दिलेलें नांव ही भाषा वेढणाऱ्या फंक्शनांत, मग मॉड्यूलांत, शेवटीं आपल्या अंगभूत नांवांत शोधते.

मॉड्यूल म्हणजे निराळी फाईल, जणूं निराळ्या चुलीचें घर. तेथील वस्तु त्या घराचें नांव लावून मागावी. 'तेथलें सारें इकडे आणा' अशीहि आज्ञा करतां येते. परंतु पाहुण्यांत घरच्याच नांवाचा कोणी निघाल्यास तो घरच्याची जागा बळकावतो, आणि यंत्र ब्रहि काढीत नाहीं.

'ग्लोबल' असें जाहीर करून बाहेरची बेरीज आंतून बदलतां येते. पण मग ती कोणीं, केव्हां बदलली, हें हुडकीत बसावें लागतें. नातीनें दुसरा मार्ग धरला: फंक्शनानें उत्तर परत द्यावें, बाहेर तें मांडून घ्यावें.

एकत्र कुटुंबांतहि हेंच बरें. खर्च ज्याचा त्यानें सांगावा, वही एकानें लिहावी. प्रत्येकाचा हात तिजोरींत गेला, तर घरांत चोर कोणी नसूनहि हिशेब चुकतो.